घाटावरचे जंतू कुणाचे?

वाईच्या गणपती घाटापासून सांगलीच्या माई घाटापर्यंत कृष्णेचे पाणी नियमाने तपासले जाते. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरलेल्या जागांवरून नमुने घेते, प्रयोगशाळा त्यातले फीकल कोलिफॉर्म, म्हणजे विष्ठेशी नाते मानले गेलेले जंतू, मोजते आणि एक आकडा कागदावर उतरतो. अंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय मंडळाने घातलेली मर्यादा १०० मिलिलिटरला ५०० अशी आहे. फार तर २,५०० पर्यंत चालवून घ्यावे, असेही त्याच निकषांत म्हटले आहे. आकडा फुगला की बातमी होते, निवेदने दिली जातात, नदी वाचवण्याच्या शपथा घेतल्या जातात. पण हे जंतू आले कुठून, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. माणसाच्या पोटातून आले, म्हशीच्या, घाटावरच्या कुत्र्याच्या, की कुणाच्याच पोटातून न येता तळच्या गाळातून वर आले? माझे म्हणणे असे की हा प्रश्न सोडवल्याशिवाय नदीवर होणारा खर्च अंदाजावर होतो. आणि अंदाज नेहमी त्याच्याकडे बोट दाखवतो, ज्याची बाजू मांडायला कुणी नसते.

आधी तो आकडा कसा निघतो ते जवळून पाहू. काचेच्या नळ्यांच्या रांगा स्टँडवर लावलेल्या असतात. प्रत्येकीत जांभळट द्रव आणि त्यात उलटी बुडवलेली बोटाच्या पेराएवढी आणखी एक नळी. नदीचे पाणी वेगवेगळ्या मापांत या नळ्यांत घालून त्या उबवायला ठेवतात. जंतू असतील तर ते द्रवातली साखर खातात, आम्ल सोडतात, जांभळा रंग पिवळा होतो आणि उलट्या नळीच्या टोकाशी वायूचा एक बुडबुडा अडकतो. मग पिवळ्या झालेल्या नळ्यांतला थेंब ४४.५ अंशांवर पुन्हा वाढवून पाहायचा. एवढी ऊब सोसून जो वाढेल तो गरम रक्ताच्या प्राण्याच्या आतड्यातला, असे धरायचे. किती नळ्यांत बुडबुडा आला हे मोजून तक्त्यावरून संख्या काढतात. ही पद्धत स्वस्त आहे, शंभर वर्षे टिकलेली आहे आणि तिचे उपकार मोठे आहेत. पण बुडबुड्याला नाव-गाव नसते. थिओडोर एशेरिश यांनी १८८५ साली तान्ह्या मुलांच्या विष्ठेत जो जंतू शोधला, तो ई. कोलाय म्हशीच्या शेणातही तसाच असतो, आणि तोही तसाच बुडबुडा काढतो.

त्याहून अडचणीची गोष्ट आपल्या भागापुरती आहे, आणि तिची चर्चा झालेली फारशी दिसत नाही. ४४.५ अंशांवर वाढणाऱ्या जंतूंत क्लेबसिएला नावाच्या जंतूचे काही प्रकारही येतात. त्यांचा विष्ठेशी संबंध असेलच असे नाही. साखर आणि पिष्ट असलेल्या कारखानी सांडपाण्यात ते सुखाने वाढतात. कागद कारखान्यांच्या पाण्यात हे फार पूर्वी दिसून आले आहे. सातारा आणि सांगली हे तर उसाचे जिल्हे. गाळप सुरू असताना एखाद्या ओढ्यातून गोडसर सांडपाणी नदीत येत असेल, तर तिथला ‘फीकल’ आकडा विष्ठेचा कणही नसताना वाढू शकतो. उलट बाजूही तितकीच खरी आहे. कारखान्याकडे बोट दाखवून नगरपालिका आपला मैला लपवू शकते, आणि नगरपालिकेकडे बोट दाखवून कारखाना आपली मळी. एकच आकडा दोघांनाही आडोसा देतो.

या आडोशाची किंमत कोण मोजतो? दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे बीड, धाराशिव, अहिल्यानगरकडून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या बैलगाड्या घेऊन येतात आणि ओढ्याकाठी, माळावर कोप्या टाकतात. बहुतेक अड्ड्यांवर शौचालय नसते, म्हणून त्यांची माणसे उघड्यावर जातात, हे खरेच आहे. नदी बिघडल्याची चर्चा निघाली की यांचे नाव लगेच पुढे येते. मग म्हशी डुंबायला सोडणारे गवळी, कपडे धुणाऱ्या बाया, यात्रेकरू, दशक्रियेला आलेले लोक. ही सगळी माणसे काठावर दिसतात, म्हणून ती डोळ्यांत भरतात. जमिनीखालच्या नळातून रात्रंदिवस येणारे पाणी तसे डोळ्यांत भरत नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार मुद्दाम होतो असे मी म्हणत नाही. दिसते ते धरायचे ही माणसाची सवय आहे. पण शास्त्राचे काम या सवयीला आवर घालण्याचे आहे, आणि आपली आजची तपासणी ते काम करत नाही. नदीचे मूळ विचारू नये अशी आपली म्हण आहे. नदीतल्या घाणीचे मूळही आपण त्याच संकोचाने विचारत नाही की काय, असे वाटते.

अंदाज किती महाग पडू शकतो याचा सर्वांत बोलका दाखला समुद्रकाठचा आहे. कॅलिफोर्नियातला हंटिंग्टन बीच १९९९ च्या उन्हाळ्यात जंतूंच्या आकड्यांमुळे आठवड्यांमागून आठवडे बंद ठेवावा लागला. तिथे संशयित तीन होते. शहराचे मैलापाणी वाहणारे जुने नळ, काही मैलांवर समुद्रात प्रक्रिया केलेले सांडपाणी सोडणारी मोठी नळवाहिनी, आणि शहराच्या रस्त्यांवरून धुऊन येणारे पाणी. नळ तपासले, जमिनीत भोके पाडून पाहिले, लाखो डॉलर खर्च झाले. संशोधकांना पुढे जे सापडले ते कुणाच्याच यादीत वर नव्हते: भरती-ओहोटीच्या पाण्याने भिजणारी लगतची पाणथळ जागा, तिथले पक्षी आणि तिथला गाळ हेही जंतूंचे स्वतंत्र उगमस्थान होते. म्हणून मैलापाणी निर्दोष ठरले असे नाही. सांडपाणी यंत्रणेने २००२ पासून समुद्रात सोडायच्या पाण्याचे निर्जंतुकीकरण सुरू केले. पण त्या किनाऱ्याने दोन गोष्टी शिकवल्या. उगम बहुधा एक नसतो, ही पहिली. दुसरी, कॅलिफोर्नियातल्या किनाऱ्यांवर थोड्या-थोड्या मिनिटांनी नमुने घेतले तेव्हा तेच पाणी कधी मर्यादेच्या आत तर कधी बाहेर गेलेले दिसले. ऊन चढले की जंतू मरत, रात्री पुन्हा वाढलेले दिसत. आपल्याकडे महिन्यातून एकदा, सोयीच्या वेळी, बहुधा उन्हात भरलेली बाटली कृष्णेबद्दल काय सांगत असेल, याचा विचार यावरून करावा.

उगम शोधायचा कसा, याचे उत्तर यंत्रापाशी सुरू होत नाही, पायांपाशी होते. काठाने चालत जाऊन नदीला मिळणारा प्रत्येक नाला, ओघळ, नळाचे तोंड टिपायचे. प्रत्येकाच्या वर आणि खाली, पहाटे आणि दुपारी, कोरड्या दिवसात आणि पहिल्या पावसानंतर पाणी घ्यायचे. कोरड्या दिवसातही आकडा चढाच असेल तर सतत वाहणारे काही तरी आहे, म्हणजे नळ. पावसानंतरच चढत असेल तर रानातले, गोठ्यातले, रस्त्यावरचे काही धुऊन येते आहे. दुसरी युक्तीही स्वस्त आहे. कपडे धुण्याच्या पावडरीत पांढरेपणा खुलवणारी द्रव्ये असतात आणि ती घरच्या सांडपाण्याबरोबर वाहत येतात. साध्या कापसाची गादी जाळीत गुंडाळून नाल्यात काही दिवस बुडवून ठेवायची आणि मग अंधारात जंबुपार दिव्याखाली धरायची. घरचे सांडपाणी येत असेल तर कापूस निळसर उजळतो. म्हशी कपडे धूत नाहीत. अर्थात काठावर कपडे धुतले जात असतील तर हा कापूस फसवेल, म्हणून तो घाटावर न टाकता नाल्याच्या आत, वस्तीच्या बाजूला टाकायचा.

एवढ्यानेही निकाल लागला नाही, तर जनुकांकडे जायचे. माणसाच्या आतड्यात बॅक्टेरॉइडीझ गटातले जंतू ई. कोलायपेक्षा कितीतरी जास्त असतात, आणि त्यांच्या काही जाती माणसाच्याच पोटात रुळलेल्या असतात. गाई-म्हशींच्या, कुत्र्यांच्या पोटात त्यांचे वेगळे भाऊबंद राहतात. या जंतूंना हवा सोसत नाही, त्यामुळे ते नदीत वाढत नाहीत; पाण्यात त्यांची खूण सापडली म्हणजे विष्ठा अलीकडे मिसळली. २००० सालापासून अशा खुणा, त्यांतली एचएफ१८३ ही मानवी खूण सर्वांत परिचित, पीसीआर यंत्रावर ओळखल्या जातात. त्याआधी कोलिफॉर्म आणि स्ट्रेप्टोकोकस यांच्या प्रमाणावरून माणूस की जनावर हे ठरवण्याची एक रीत चालत होती. दोन्ही जंतू पाण्यात वेगवेगळ्या गतीने मरतात, म्हणून काही तासांत ते गणित बिघडते, हे कळल्यावर ती मागे पडली. हे मुद्दाम सांगतो, कारण उगम शोधण्याच्या शास्त्राने स्वतःच्या चुका दुरुस्त करत वाट काढली आहे.

कृष्णेवर हे लावले तर काय कळेल? वाईचे उदाहरण घ्या. २०११ च्या जनगणनेत सुमारे ३६ हजार वस्ती असलेल्या या गावात नगरपालिकेने २०१८ पासून एक मोलाचे काम हाती घेतले. टाकी भरून वाहेपर्यंत न थांबता, पाळी लावून दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची सेप्टिक टँक उपसायची आणि तो मैला दिवसाला ७० हजार लिटर क्षमतेच्या केंद्रात न्यायचा. देशात असे करणारी गावे थोडी आहेत. पण टाकी वेळेवर उपसली तरी तिच्या वरच्या तोंडातून निघणारे पाणी बहुधा गटारात जाते, आणि गटार उताराने कृष्णेकडे. मग या कामाचा घाटावरच्या पाण्याला किती फायदा झाला? नुसता कोलिफॉर्मचा आकडा हे सांगू शकत नाही, कारण म्हशी, कुत्री, पावसाळी ओघळ तेच राहिले. मानवी खूण मात्र सांगेल. ती घटली असेल तर वाईच्या कामाला त्याचे श्रेय मिळेल. घटली नसेल तर पुढचा पैसा टाकीवर घालण्याऐवजी गटारावर घालावा लागेल. उगम न मोजल्याने निर्दोष माणूस बदनाम होतो तसे चांगले कामही बेदखल राहते.

सांगलीत गोष्ट वेगळी आहे. तिथे शेरीनाला हे नाव शाळकरी मुलालाही माहीत असते. शहराचे सांडपाणी घेऊन कृष्णेत उतरणारा हा नाला पिढ्यान्‌पिढ्या निवडणुकीचा विषय आहे. त्याचे पाणी उपसून धुळगावकडे शेतीला नेण्याची योजनाही झाली. पंप थांबले किंवा पावसाने नाला फुगला की पाणी पुन्हा नदीचीच वाट धरते. शेरीनाला दोषी आहे, यात शंका नाही. पण सगळी नजर त्याच्यावर खिळल्याने नदीतले बाकीचे काही झाकले जाते का, हा प्रश्न उरतो. उन्हाळ्यात डिग्रज, सांगली, म्हैसाळ येथे बंधाऱ्यांत बरगे घातले की कृष्णा वाहणे सोडून साचू लागते. साचलेल्या पाण्याच्या तळाशी गाळ बसतो, आणि गाळात उन्हापासून लपलेले जंतू दीर्घकाळ जगतात. हवाईत तर पावसाळी मातीत ई. कोलाय आपली आपण वाढतात असे आढळले, आणि आपली ऊब हवाईपेक्षा कमी नाही. बरगे काढले, पाण्याचा लोंढा सुटला, गाळ ढवळला, की आकडा एका दिवसात उसळेल. त्या दिवशी नाल्यातून एक थेंबही जास्त आलेला नसेल. नाला आणि गाळ यांतला फरक सांगायला गाळात टिकून राहिलेला जुना जंतू आणि ताजी विष्ठा यांतला फरक सांगणारी खूण लागते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे, आणि तो मनापासून घेतला जातो: मैलापाणी नदीत जाते हे उघड्या डोळ्यांना दिसते, मग संशोधनावर पैसे कशाला? प्रक्रिया केंद्रे बांधा, प्रश्न मिटेल. केंद्रे बांधायलाच हवीत, त्याबद्दल वाद नाही. राष्ट्रीय हरित लवादाने सप्टेंबर २०१८ मध्ये देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची दखल घेऊन ते निदान अंघोळीच्या लायकीचे करण्याचा आदेश दिला. त्यांतले ५३ पट्टे एकट्या महाराष्ट्रातले होते आणि कृष्णा त्यांत होती. पण ते पट्टे निवडले होते बीओडीवरून, म्हणजे सडणाऱ्या पदार्थांना लागणाऱ्या प्राणवायूवरून. जंतूंवरून नव्हे. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मासे मोठ्या संख्येने मेले. तशा दुर्घटनेची भाषा प्राणवायूची असते. काविळीची भाषा वेगळी. प्रक्रिया केंद्राने बीओडी उतरवला तरी शेवटी निर्जंतुकीकरण नसेल तर जंतू लाखांनी बाहेर पडतात. शिवाय केंद्र गावाच्या एका टोकाला आणि मैला दुसऱ्या टोकाच्या ओघळातून, असे झाले तर ती आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत. कुठला नाला आधी अडवायचा हे ठरवण्यासाठीच उगम शोधायचा असतो. तो खर्च बांधकामाच्या तुलनेत किरकोळ आहे.

दुसरा आक्षेप असा की पिण्याच्या पाण्यात क्लोरीन घालतातच, नदीतले जंतू कुणाचे का असेनात. या आक्षेपात नदीकाठचा माणूस विसरला जातो. वाईत, माहुलीत, कराडच्या प्रीतिसंगमावर, औदुंबरला लोक अंघोळ करतात, आचमन घेतात, मुले पोहतात. आणि जंतू कुणाचे यावर रोग ठरतो. विषमज्वराचा जंतू माणसाकडूनच माणसाकडे जातो. आपल्याकडे साथी आणणारा काविळीचा ई विषाणूही तसाच. २०१२ साली पंचगंगेकाठी इचलकरंजीत काविळीच्या साथीने माणसे गेली. तशा साथीत गुन्हेगार म्हैस नसते. म्हणून शेण निरुपद्रवी आहे असेही मानू नये. २०१० साली अमेरिकेत झालेल्या जोखमीच्या एका अभ्यासात ताज्या शेणाने बिघडलेल्या पाण्यात पोहण्याचा धोका मैलापाण्याच्या धोक्याच्या जवळपास भरला, तर कोंबड्या, डुकरे आणि समुद्रपक्षी यांच्यामुळे होणारा धोका बराच कमी. शेणातून येणारा क्रिप्टोस्पोरिडियम क्लोरीनला दाद देत नाही. म्हणजे म्हशीचा जंतू सापडला तर गवळ्याला सूट नाही. पण इलाज वेगळा आहे. घाटाच्या खालच्या अंगाला म्हशींसाठी वेगळा उतार, काठापासून दूर उकिरडा. त्यासाठी कोट्यवधींची नळयोजना लागत नाही.

तिसरा आक्षेप शास्त्राचा आहे आणि तो सर्वांत वजनदार आहे. या जनुकीय खुणा परदेशात ठरलेल्या. ओडिशाच्या खेड्यांत त्या तपासल्या तेव्हा मानवी म्हणवणाऱ्या काही खुणा इथल्या जनावरांच्या विष्ठेतही उमटल्या. माणसे आणि जनावरे एकाच अंगणात राहतात तिथे पोटातले जंतूही सरमिसळ होतात. म्हणून उगम शोधणे सोडून द्यावे, हा निष्कर्ष मला चुकीचा वाटतो. खुणा आधी आपल्या मातीत पारखाव्यात, हा बरोबर. वाईची सेप्टिक टँक, भिलवडी परिसरातले म्हशींचे गोठे, कराडची कुत्री, ऊसतोडीच्या बैलांचे शेण, कारखान्याच्या ओढ्यातले पाणी: यांचे नमुने घेऊन कुठली खूण कशात उमटते आणि कशात नाही, हा तक्ता आधी बनवायला हवा. हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात बसणारे आहे. यंत्रांची सबबही उरलेली नाही. २०२० साली मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि कराडच्या कृष्णा रुग्णालयात कोरोनाच्या तपासणीसाठी जी यंत्रे चालली, त्याच जातीची यंत्रे या कामाला लागतात. त्याच वर्षी मार्चमध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरने एकेका रुग्णाच्या संपर्कातली माणसे शोधून साखळी तोडली. ‘कुणाकडून आले’ हा प्रश्न विचारायला हा जिल्हा तेव्हा कचरला नव्हता.

आणखी एक भीती उघडपणे बोलली जात नाही: नदी पवित्र, तिच्या पाण्यात माणसाच्या मैल्याची खूण सापडली असे जाहीर झाले तर श्रद्धेला धक्का बसेल. ही भीती मी हलकी मानत नाही. पण श्रद्धा असणारा माणूसच त्या पाण्यात डोके बुडवतो, म्हणून सत्य सांगण्याचे पहिले ऋण त्याचेच आहे. दर १२ वर्षांनी गुरू कन्या राशीत आला की कृष्णाकाठी कन्यागत पर्वकाळ भरतो. मागचा २०१६ मध्ये झाला, पुढचा २०२८ मध्ये येईल, आणि नरसोबावाडीपासून वरपर्यंतच्या घाटांवर लाखो लोक उतरतील. घाटांच्या फरशीसाठी, दिव्यांसाठी, वाहनतळांसाठी निधी मागितला जाईल, मागावाही. त्या निधीतला थोडासा भाग घाटांच्या वरच्या नाल्यांच्या बाटल्यांसाठी काढून ठेवता येतो, आणि त्या बाटल्या गर्दीच्या दिवसाच्या पुष्कळ आधी भरायला हव्यात.

पहिली तपासणी कुठली करावी, हे मला विचाराल तर ऊसतोडीच्या टोळ्यांची करावी, कारण आरोप त्यांच्यावर सर्वांत सहज होतो आणि आपली बाजू मांडायला त्या उन्हाळ्यात इथे नसतात. गाळप चालू असताना जानेवारीत एका अड्ड्याजवळच्या ओढ्याचे, त्याच्या वरच्या गावच्या गटाराचे आणि खालच्या घाटाचे पाणी आठ दिवस रोज पहाटे घ्यायचे. टोळ्या गाड्या जुंपून गावी परतल्या, कोप्या मोडल्या, ओढाकाठ मोकळा झाला की मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी, त्याच तीन जागांचे पाणी त्याच वेळेला पुन्हा आठ दिवस घ्यायचे. नदीत दोन्ही वेळा पाणी किती वाहत होते तेही शेजारी लिहून ठेवायचे, नाहीतर उन्हाळ्यातले थोडे पाणी आकडा उगाच फुगवेल. घाटावरची मानवी खूण मे महिन्यात उतरली, तर अड्ड्यांवर शौचालये बांधण्याची जबाबदारी त्यांना आणणाऱ्यांवर टाकता येईल. आणि ती तशीच राहिली, तर नदीकाठच्या त्या गावाने आपल्या गटाराचे झाकण उघडून पाहावे.